उजनीचा तळ उन्हाळ्यातच वाचा

गळ टाकणाऱ्या मित्रांनो, आम्ही भायखळ्याहून मे महिन्यात उजनीला जातो ते गळ न घेता. भीमेवरचं हे धरण १९८० मध्ये पूर्ण झालं आणि कितीतरी गावं पाण्याखाली गेली. पाणी उतरलं की जुन्या पळसदेवचं मंदिर उघडं पडतं. तेव्हा बुडालेले बांध, विहिरी, ओढ्याची वळणं पायी फिरून फोनच्या नकाशावर नोंदवायची. शिकारी मासा अशाच आडोशाला दबा धरतो.

धरण भरलं की परवानगी काढून होडी सावकाश त्या खुणांवरून न्यायची, आमिष मागे ओढत. खोलीसाठी हातभर अंतरावर गाठी मारलेली दोरी, टोकाला शिसं. शिशाच्या बुडाला साबण चोपडा! वर ओढल्यावर त्याला वाळू चिकटलीय की गाळ, बोट फिरवताच कळतं.