डोंगरावरचा निरोप्या : रिपीटरची अँटेना आणि तिची निगा

२६ जुलै २००५ चा दिवस ठाणे जिल्ह्यातली माणसे अजून विसरलेली नाहीत. त्या दिवशी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस मोजला गेला. उल्हास नदी फुगली. बदलापूर, अंबरनाथ, कल्याण इथल्या सखल वस्त्यांत पाणी शिरले. लोकल गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या, वीज गेली आणि पाठोपाठ टेलिफोन व मोबाइलही ठिकठिकाणी मुके झाले. घरचा माणूस कुठे अडकला आहे ते कळायला मार्ग नाही, आणि मदत कुठे हवी ते सांगायलाही मार्ग नाही, अशी ती रात्र होती.

अशा वेळी उपयोगी पडणारी एक विद्या आहे. तिला म्हणतात हौशी बिनतारी, आणि ती जाणणाऱ्यांना म्हणतात हॅम. हे लोक सरकारी परीक्षा देतात, परवाना काढतात आणि स्वतःच्या यंत्रावरून एकमेकांशी बोलतात. डिसेंबर २००४ मध्ये त्सुनामी आली, तेव्हा हैदराबादच्या राष्ट्रीय हौशी रेडिओ संस्थेच्या भारती प्रसाद आपल्या पथकासह पोर्ट ब्लेअरमध्ये होत्या. बेटांवरचे टेलिफोन बंद पडलेले असताना लोकांच्या खुशालीचे निरोप त्यांच्या यंत्रावरून मुख्य भूमीवर पोचले.

ते निरोप लांब पल्ल्याच्या लघुलहरींवरून गेले होते. आपल्याला मात्र ठाण्याहून कल्याणला, डोंबिवलीहून मुरबाड-शहापूरकडे बोलायचे आहे, आणि तेही हातात मावणाऱ्या पाच वॅटच्या यंत्राने. त्यासाठी हॅम मंडळी १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या लहरी वापरतात. तीनशेला मेगाहर्ट्झच्या आकड्याने भागा, लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. इथे ती दोन मीटरच्या आसपास येते, म्हणून यांना दोन मीटरच्या लहरी म्हणायचे.

या लहरींचा स्वभाव विजेरीच्या झोतासारखा. त्या बहुतेक सरळच जातात. आडवा डोंगर आला की संपले. आता आपला मुलूख डोळ्यांपुढे आणा. ठाणे आणि डोंबिवली या दोन स्टेशनांत अंतर पंधरा किलोमीटरच्या आसपास. पण मध्ये पारसिकचा डोंगर आडवा पडला आहे. आगगाडीला सरळ जाता यावे म्हणून त्याच्या पोटातून १९१६ साली बोगदा काढावा लागला. लहरींसाठी बोगदा काढता येत नाही. त्यांना डोंगराच्या माथ्यावर एक निरोप्या बसवावा लागतो. तो अलीकडचे ऐकतो आणि तेच शब्द त्याच क्षणी पलीकडे मोठ्याने सांगतो. हाच रिपीटर.

मग रिपीटर उभारायचा तर सुरुवात कुठून करायची? पुष्कळजण आधी यंत्र विकत घेतात, उरल्या पैशांत केबल घेतात आणि अँटेना कुठेतरी गच्चीवर बांधतात. हा क्रम नेमका उलटा करायला हवा. आधी उंची, मग अँटेना, मग केबल, आणि यंत्र सर्वांत शेवटी.

उंचीचा हिशेब शाळेतल्या मुलालाही जमेल. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचे वर्गमूळ काढा आणि ४.१२ ने गुणा. येईल तेवढे किलोमीटर तिची नजर मोकळ्या मैदानात पोचते. हातातले यंत्र जमिनीपासून दीड मीटरवर धरले तर त्याची नजर पाच किलोमीटर. म्हणजे अशी दोन यंत्रे फार तर दहा किलोमीटरवरून एकमेकांना ऐकणार. पण तुमच्या आजूबाजूच्या जमिनीपेक्षा शंभर मीटर उंच टेकडीवर रिपीटर असेल, तर त्याचे ४१ आणि तुमचे ५ मिळून ४६ किलोमीटर झाले. यंत्राची ताकद दुप्पट करून असा लाभ होत नाही. तो उंचीनेच होतो.

मात्र नुसती उंची पाहू नका. जागामालकाची, आणि वनजमीन असेल तर वनखात्याची, परवानगी हवी. वीज हवी. आणि आणखी एक गोष्ट स्वतःला विचारा : श्रावणातल्या मुसळधार पावसात रात्री तिथे माणूस पोचेल का? जिथे चार महिने वाट बंद होते, तिथल्या शिखरापेक्षा जिना असलेली एखादी उंच इमारत पुष्कळदा बरी.

आता अँटेना. लोक म्हणतात, जास्त गेनची अँटेना म्हणजे जास्त जोर. हे अर्धेच खरे आहे. अँटेना शक्ती निर्माण करीत नाही, ती असलेली शक्ती वाटते. कणकेचा गोळा घ्या. तो लाटला की पोळी लांबवर पसरते, पण जाडी जाते. गेनचे तसेच आहे. लहरी क्षितिजाकडे दूरवर पसरतात, पण वर आणि खाली कमी पडतात. सपाट मुलखात पंचवीस मीटरच्या इमारतीवर अशी पातळ पोळी उत्तम. उंच कड्यावर मात्र तीच अँटेना लांबच्या गावाला ऐकू येते आणि पायथ्याच्या वस्तीच्या डोक्यावरून निघून जाते. तिथे मध्यम गेनची अँटेना निवडावी. आणि अँटेना उभीच हवी, कारण लोक हातातले यंत्र उभे धरतात. एक उभी आणि एक आडवी असली तर बराचसा आवाज वाटेतच हरवतो.

बाजारात दोन प्रकार मुख्य. एक फायबरग्लासच्या नळीतली लांब काठी, आणि दुसरा खांबाला चार दांड्यांचे फासे लावलेला उघडा प्रकार. काठी दिसायला सुबक आणि लावायला सोपी. पण तिचे सांधे नळीच्या आत असतात. वाऱ्याने हलून एखादा सांधा सुटला, किंवा बुडातून पाणी शिरले, तर बाहेरून काही दिसत नाही. उघड्या फाशांचा प्रकार जड आणि महाग. पण त्याचे धातूचे भाग बहुधा थेट खांबाला जोडलेले असतात, म्हणून वादळात साचणारा विद्युतभार जमिनीकडे उतरायला वाट मिळते. डोंगरावर हाच जास्त टिकतो.

अँटेनापासून यंत्रापर्यंत जाते ती कोॲक्सियल केबल. लोक इथे फसतात. समजा यंत्र २५ वॅटचे आणि केबल ३० मीटर लांब आहे. बारीक, आरजी-५८ जातीची केबल घातली, तर वर जेमतेम ६ वॅट पोचतील. बाकीचे केबल तापवण्यात गेले. जाड आरजी-२१३ घातली तर १४ वॅटच्या आसपास. तांब्याचे अखंड कवच असलेली अर्ध्या इंचाची केबल घातली तर २० वॅट. ऐकतानाही तूट तेवढीच. पुरात अडकलेल्या माणसाच्या यंत्रातली बॅटरी उतरत आलेली असते. त्याचा क्षीण आवाज अँटेनापर्यंत आला, आणि आपल्या स्वस्त केबलने तो गिळला, तर दोष कोणाचा?

रिपीटरची आणखी एक अडचण असते. हा निरोप्या एकाच वेळी ऐकतो आणि बोलतो. कानाशी कोणी ढोल बडवीत असताना कुजबुज ऐकावी, तसे त्याचे होते. म्हणून ऐकण्याची आणि बोलण्याची लहर यांत ६०० किलोहर्ट्झचे अंतर ठेवतात. उदाहरणार्थ, तो १४५.० वर ऐकेल आणि १४५.६ वर बोलेल. एवढ्यानेही भागत नाही. एकच अँटेना दोन्ही कामांना वापरायची, तर मध्ये डुप्लेक्सर लागतो. हे धातूचे उंच डबे, बहुधा सहा. बोलण्याच्या लहरीचा उपद्रव ते ऐकण्याच्या वाटेवर ८० ते ९० डेसिबलने रोखतात. दहा डेसिबल म्हणजे दहापट, वीस म्हणजे शंभरपट, तीस म्हणजे हजारपट. या हिशेबाने नव्वद म्हणजे शंभर कोटी पट. डब्यांचे स्क्रू योग्य मापयंत्राशिवाय कधी फिरवू नका. सहज म्हणून दिलेला अर्धा फेरा सगळी जुळणी घालवतो.

याच कारणाने रिपीटरला सांधे फार जपावे लागतात. गंजलेली चकती, सैल बोल्ट, केबलमधली ढिली जाळी अशा ठिकाणी बोलण्याची शक्ती खरखर निर्माण करते आणि ती थेट ऐकण्याच्या कानात शिरते. आत पातळ पन्नी आणि वर तारांची जाळी अशा दोन धातूंच्या केबली एरवी चांगल्या. पण रिपीटरला त्या घालू नयेत. दोन्ही एकमेकांवर घासून हाच त्रास देतात.

यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. मोटारीत बसवायचा सेट थोडे बोलून गप्प बसण्यासाठी केलेला असतो. त्याला तासन्‌तास बोलायला लावले तर तो तापून जळतो. म्हणून ५० वॅटचा सेट असेल तर २० ते २५ वॅटवरच चालवा आणि पंखा लावा. कोणाचे बटण चुकून दाबलेले राहिले तरी तीन मिनिटांनी बोलणे आपोआप थांबेल असे घड्याळ लावा. आणि ठरलेला बारीक सूर असल्याशिवाय रिपीटर जागा होणार नाही अशी सोय करा, म्हणजे आसपासच्या विजेच्या खरखरीने तो उगाच बडबडणार नाही.

बॅटरीचा हिशेब मात्र पुराच्या दिवसाचा करा. समजा यंत्र ऐकताना १ अँपियर आणि बोलताना ६ अँपियर खाते. रोज दोन तास बोलणे झाले तर दिवसाला ३४ अँपियर-तास लागतात. १०० अँपियर-तासांच्या शिसे-आम्लाच्या बॅटरीतून निम्मेच वापरावे, म्हणजे ती दीड दिवस पुरते. पण संकटात लोक आठ तास बोलतात. मग दिवसाचा खर्च ६४ होतो आणि तीच बॅटरी एक दिवसही काढत नाही. दुसरी बॅटरी, किंवा सौर पट्टी, ही चैन नव्हे.

आता निगा. आपल्याकडे तिचे पंचांग ठरलेले आहे. शेतकरी मृगाआधी घर शाकारतो, तशीच रिपीटरची डागडुजी मे महिन्यातच व्हावी. ठाण्याच्या खाडीकडून खारी हवा येते, आणि पाऊस चार महिने आडवा मारतो. प्रत्येक कनेक्टरवर आधी रबरी टेप ताणून गुंडाळा. ती स्वतःशीच एकजीव होते. वरून काळी चिकटपट्टी लावा. शेवटचा थर खालून वर गुंडाळत न्या, म्हणजे वरचा पदर खालच्या पदरावर येतो. कौले अशीच घालतात, नाही का? उलट गुंडाळली तर प्रत्येक पदर पाण्याची पन्हळ होतो. केबल घरात घेण्याआधी तिला खाली एक झोळ द्या. पाणी झोळाच्या टोकाशी गळून पडेल. बोल्ट स्टेनलेस स्टीलचे हवेत. तांबे आणि ॲल्युमिनियम एकमेकांना थेट भिडू देऊ नका. ताणाच्या तारा ओढून पाहा. अर्थिंगची जाड पट्टी खांबापासून जमिनीपर्यंत अखंड आहे का, आणि केबलवरचा वीजरोधक शाबूत आहे का, तेही पाहा. वळवाच्या विजा मृगाची वाट बघत नाहीत.

वर चढण्याआधी यंत्र बंद करा आणि कमरेला पट्टा बांधा. खांब पडला तरी विजेच्या तारांवर पडणार नाही इतका तो दूर हवा. याबाबत कुणाचीही भीड धरू नका.

शेवटी एक वही ठेवा. अँटेनाकडून किती शक्ती परत येते ते मीटर सांगतो. दीडास एक हे प्रमाण आले तर चार टक्के परत येते, तिनास एक आले तर चौथाई. पण नुसता आकडा चांगला दिसला म्हणून निश्चिंत होऊ नका. केबलमध्ये पाणी शिरले की जाणारी शक्तीही आटते आणि परत येणारीही आटते. मग मीटर पूर्वीपेक्षा चांगला आकडा दाखवतो! आजाऱ्याच्या गालावरची लाली तापाचीही असू शकते. म्हणून दरवर्षी केबलच्या वरच्या टोकाला ५० ओहमचा भार लावून किती वॅट पोचतात ते मोजा, आणि मागच्या वर्षीच्या नोंदीशी ताडून पाहा. आकडा कारणाशिवाय सुधारला तर अधिक संशय घ्या.

गुरुजनांना एक विनंती. परवान्याशिवाय प्रक्षेपण करू नये, तो गुन्हा आहे. पण अँटेना तयार करायला आणि तिचा हिशेब शिकवायला कोण अडवतो? ४९ सेंटिमीटरची एक उभी दांडी, आणि तिच्या बुडाशी खाली तिरप्या चार दांड्या, प्रत्येकी ५२ सेंटिमीटरच्या. दोन मीटर लहरींची साधी अँटेना तयार झाली. भागाकार, वर्गमूळ आणि प्रमाण हे तिन्ही धडे तिच्यात आले. अशा वर्गातून दोन मुले जरी पुढे परीक्षेला बसली, तरी गावाला दोन निरोपे मिळाले.

पुढचा पूर कधी येईल ते कोणी सांगू शकत नाही. पण त्या रात्री डोंगरावरचा निरोप्या बोलेल की मुका राहील, हे मे महिन्यातल्या एका दुपारी ठरलेले असते. त्या दुपारी कोणीतरी वर चढून शेवटचा सांधा खालून वर गुंडाळलेला असला पाहिजे.