सावित्रीच्या मुखावरचे हरिहरेश्वर

रायगड जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, श्रीवर्धन तालुक्यात, डोंगराची एक सोंड थेट अरबी समुद्रात उतरते. तिच्या दक्षिणेला सावित्री नदी समुद्राला मिळते. ही बाणकोटची खाडी; पलीकडे रत्नागिरी जिल्ह्याचा मंडणगड तालुका सुरू होतो. हरिहर, हर्षिणाचल, ब्रह्माद्री आणि पुष्पाद्री या चार टेकड्यांनी वेढलेले हरिहरेश्वर या भूशिरावर वसले आहे.

इथला खडक म्हणजे दख्खनचा काळा पाषाण. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थरावर थर साचून तो तयार झाला. मराठवाड्यात हिंगोलीकडे विहीर खणताना काळ्या मातीखाली लागणारा दगडही याच कुळातला. तिथे तो मातीखाली झाकलेला असतो, इथे मात्र समुद्राने त्याला पार उघडा पाडला आहे.

समुद्रात घुसलेल्या भूशिरावर लाटा दोन्ही अंगांनी वळून येतात आणि त्यांचा सारा जोर तिथेच एकवटतो. पावसाळी वाऱ्यांच्या दिवसांत हा मारा सर्वांत कठोर असतो. लाटा कड्याचा पायथा पोखरतात, भेगांत शिरून गुहा कोरतात. आधार गेलेला वरचा भाग कोसळतो आणि कडा मागे सरकतो. त्याच्या पायथ्याशी सपाट खडकाळ पट्टा उरतो. भूगोलाच्या पुस्तकात ज्याला तरंगघर्षित मंच म्हणतात, तो समजून घ्यायला महाराष्ट्रात याच्याइतकी चांगली जागा क्वचितच सापडेल. मंचावर भोवऱ्यात फिरणाऱ्या गोट्यांनी घासलेले रांजणखळगे आहेत. कड्यावर तर मधाच्या पोळ्यासारखी जाळी पडली आहे. ही करामत मिठाची. उडालेले खारे पाणी दगडाच्या बारीक छिद्रांत मुरते, वाळताना त्यातील मिठाचे स्फटिक वाढतात आणि दगडाचे कण सुटे होतात. खळगे खोल होत जातात आणि त्यांच्यामधल्या भिंती तेवढ्या उभ्या राहतात.

सावित्री महाबळेश्वरला उगम पावते आणि पोलादपूर, महाडवरून इथे येते. पूर्वी खाडीतून गलबते आत जात आणि लहान होड्या महाडपर्यंत पोचत. म्हणजे मुखावर ज्याचा ताबा, त्याच्या हाती महाडचा व्यापार आणि रायगड किल्ल्याकडे जाणारी जलवाट. दक्षिण काठावरचा बाणकोटचा किल्ला, म्हणजेच हिम्मतगड, त्यासाठीच महत्त्वाचा ठरला. १७५५ साली मराठा आरमाराचे सरदार तुळाजी आंग्रे यांच्याविरुद्ध पेशवे आणि इंग्रज एकत्र आले, तेव्हा इंग्रज आरमाराने सुवर्णदुर्गापाठोपाठ बाणकोटही घेतले आणि त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. पुढल्याच वर्षीच्या तहाने ते इंग्रजांकडे कायम झाले. कोकणच्या मुख्य भूमीवरच्या त्यांच्या अगदी सुरुवातीच्या ठाण्यांपैकी हे एक.

उत्तरेकडे सिद्दीचे जंजिरा संस्थान होते आणि त्याची दक्षिण हद्द बाणकोटच्या खाडीला भिडत असे. १८१८ नंतर दक्षिण काठ इंग्रजांच्या रत्नागिरी जिल्ह्यात आला, तरी संस्थान टिकले. त्यामुळे १९४८ पर्यंत ही खाडी संस्थानी मुलूख आणि ब्रिटिश मुलूख यांच्यामध्ये वाहत होती. विलीनीकरणानंतर जंजिरा कुलाबा जिल्ह्यात गेले आणि १९८१ मध्ये त्या जिल्ह्याला रायगड हे नाव मिळाले. संस्थान गेले, पण खाडी आजही जिल्ह्यांची सीमा आहे. बागमांडला ते वेसवी फेरीबोटीने ती ओलांडता येते. पलीकडचे वेळास हे नाना फडणवीसांचे गाव. तिथे ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ पासून गावकऱ्यांच्या साथीने त्यांचे रक्षण केले आहे. कोकणातील लोकसहभागाचे हे मोठे उदाहरण आहे.

हरिहरेश्वराला दक्षिण काशी म्हणतात. हे पेशव्यांचे कुलदैवत. पहिले भट पेशवे बाळाजी विश्वनाथ शेजारच्या श्रीवर्धनचेच. इथली प्रदक्षिणा देवळाभोवती संपत नाही, ती पूर्ण डोंगराला वळसा घालते. वाट आधी चढते, मग कड्याच्या अरुंद फटीतून पायऱ्यांनी खाली उतरते आणि त्या खडकाळ मंचावरून समुद्राला लागून जाते. ओहोटीला मोकळी असलेली ही वाट भरतीत पाण्याखाली जाते आणि एका बाजूला कडा असल्याने पळायला जागा उरत नाही. लाटेने माणसे ओढून नेल्याच्या दुर्घटना इथे घडल्या आहेत.

कोकणात भरतीचा सोपा हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला सहाच्या सुमारास पूर्ण भरती, म्हणजे बाराच्या सुमारास ओहोटी. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असते. हा अंदाज झाला. नेमकी वेळ गावातल्या माणसांना विचारूनच प्रदक्षिणेला निघावे. पावसाळ्यात आणि भरतीच्या वेळी देवदर्शन देवळातच घ्यावे, खडकांवर उतरू नये.