ग्रुपवर आलेली चिठ्ठी

आमच्या नाशिकमधल्या गंगापूर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर सकाळी सहसा एकच विषय असतो: पाणी आलं का? एका सकाळी त्या गप्पांच्या मध्येच एक फोटो येऊन पडला. वहीच्या फाडलेल्या पानावर निळ्या शाईत लिहिलेली चिठ्ठी होती आणि वर ‘अनेक वेळा फॉरवर्ड केलेलं’ असं सांगणारा दुहेरी बाण. मुलाचं नाव, कॉलेज, आईला लिहिलेल्या ओळी, सगळं स्वच्छ वाचता येत होतं. पाठोपाठ जोडलेले हात आले, ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ आली. मग कुणीतरी विचारलं, ‘कसं केलं?’ दोन मिनिटांत उत्तर आलं, तपशिलासकट. आमच्या इमारतीत बारावीची तीन मुलं आहेत आणि आईबाबांचे फोन त्यांच्या हातात असतातच.

घातक मजकूर म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर परदेशातलं एखादं अंधारं संकेतस्थळ येतं. तशी संकेतस्थळं आहेतही. पण नाशिकमध्ये हा मजकूर बहुतेकदा असा येतो, ओळखीच्या माणसाकडून, हळहळीच्या वेष्टनात.

फोटो पाहिला म्हणून कुणी सुखात असलेला माणूस जिवाचं काही करून घेत नाही. आत्महत्येमागे एकच एक कारण नसतं. आजार, कर्ज, एकटेपणा, घरातला छळ, मनाचं दुखणं यांचा गुंता असतो. पण जो आधीच त्या गुंत्यात सापडला आहे, त्याला असा मजकूर दुसऱ्या वाटा दिसू देत नाही. ‘त्याच्यासारखंच माझं आहे’ असं वाटायला लावतो आणि हाताशी साधनही देतो. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ डेव्हिड फिलिप्स यांनी १९७४ मध्ये दाखवून दिलं, की आत्महत्येच्या गाजलेल्या बातम्यांनंतर आत्महत्यांचा आकडा वाढतो. उलट बाजूचा पुरावा व्हिएन्नाचा. तिथल्या भुयारी रेल्वेतल्या घटनांच्या बातम्या कशा द्याव्यात, याच्या सूचना १९८७ मध्ये पत्रकारांना दिल्या गेल्या. भडक मथळे थांबले आणि पुढच्या काही महिन्यांत तिथल्या घटना ठळकपणे कमी झाल्या.

म्हणून हा प्रश्न सार्वजनिक आरोग्याचा आहे. हजार जणांनी चिठ्ठी वाचली तर नऊशे नव्वद हळहळून कामाला लागतील; पण उरलेल्यांत कोण आहे, हे पाठवणाऱ्याला कधीच कळत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या २०२२ च्या अहवालात देशभरात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद आहे आणि त्यांतल्या २२,७४६ एकट्या महाराष्ट्रातल्या, म्हणजे देशात सर्वाधिक. ज्या राज्यात इतक्या घरांवर हा घाव बसला आहे, तिथे असा फोटो त्रयस्थाच्या हातात पडतो असं समजणं भाबडेपणाचं आहे.

छापील बातमी दुसऱ्या दिवशी रद्दीत जायची. फोन मात्र लक्षात ठेवतो. एखाद्या उदास रीलवर बोट क्षणभर जास्त थांबलं की तो तशीच आणखी दहा आणून समोर ठेवतो. लंडनमधल्या एका १४ वर्षांच्या मुलीच्या २०१७ मधल्या मृत्यूची चौकशी करणाऱ्या न्यायाधिकाऱ्याने सप्टेंबर २०२२ मध्ये स्पष्ट नोंदवलं, की तिने ऑनलाइन पाहिलेल्या मजकुराचा तिच्या मृत्यूत वाटा होता.

आपल्याकडे मात्र लक्ष भलतीकडेच गेलं. जुलै २०१७ च्या अखेरीस मुंबईत अंधेरीत एक शाळकरी मुलगा गेला आणि ‘ब्लू व्हेल’ नावाचा खेळ मुलांना जीव द्यायला लावतो असा गलका उठला. खेळाची कथित ‘टास्क’ आपणच सगळीकडे पोहोचवली. केंद्राने नेमलेल्या समितीला मात्र चौकशी झालेल्या एकाही घटनेशी त्या खेळाचा संबंध सिद्ध करता आला नाही. जून २०२० मध्ये अभिनेता सुशांतसिंह राजपूत गेला तेव्हा त्याच्या पार्थिवाचे फोटो इतके फिरले, की ते पसरवू नका असं महाराष्ट्र सायबरला जाहीरपणे सांगावं लागलं. आत्महत्येच्या बातम्या कशा द्याव्यात, याच्या प्रेस कौन्सिलच्या सूचना त्याआधी, सप्टेंबर २०१९ मध्येच आलेल्या होत्या.

आपल्या भाषेबद्दलही बोललं पाहिजे. ‘जीवनयात्रा संपवली’ हा मथळा आपण इतका वाचला आहे की तो खटकत नाही. पण त्यात वारी पुरी झाल्यासारखी शांतता आहे आणि दुखणाईत मनाला तीच ओढ लावते. ‘अमुक कारणाला कंटाळून’ हे शब्द गुंत्याला एका कारणात कोंबतात. ‘आत्महत्येने मृत्यू’ असं साधं लिहिता येतं.

याच फोनने माणूस वाचल्याचंही उदाहरण आहे, आपल्या शेजारचं. जानेवारी २०२१ मध्ये धुळ्यातल्या एका २३ वर्षांच्या तरुणाची फेसबुकवरची हालचाल पाहून कंपनीच्या आयर्लंडच्या कार्यालयाने मुंबई सायबर पोलिसांना कळवलं. पोलीस उपायुक्त रश्मी करंदीकर यांच्या पथकाने पत्ता शोधला, धुळे पोलिसांना कळवलं आणि तासाभरात पोलीस त्याच्या घरी पोहोचले. तो वाचला. अशा सुटकेच्या, सावरण्याच्या कहाण्या वाचणाऱ्याला आधार देतात, असं व्हिएन्नातल्याच संशोधकांना २०१० मध्ये आढळलं. त्या मात्र आपल्या ग्रुपवर फारशा फिरत नाहीत.

त्या सकाळी मी अ‍ॅडमिन काकांना फोन केला. त्यांनी फोटो आणि ते उत्तर दोन्ही काढून टाकलं आणि खाली १४४१६ हा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा क्रमांक लिहिला. तो मोफत आहे, दिवसरात्र चालतो आणि मराठीतही बोलता येतं. संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरच्या वहिनी आल्या. त्यांचा मुलगा त्या तिघांपैकी एक. म्हणाल्या, “त्याला थेट विचारलं तर उलट डोक्यात नाही ना भरणार?” नाही भरणार, मी म्हटलं. जिवाचं काही करावंसं वाटतं का, असं सरळ विचारल्याने धोका वाढत नाही, हे अभ्यासांतून पुन्हा पुन्हा दिसलं आहे. उलट मन मोकळं होतं.

रात्री साडेदहाला त्यांचा फोन आला. मुलाने चिठ्ठी पाहिली होती. स्वतःबद्दल तो म्हणाला, मी ठीक आहे. पण क्लासमधला एक मित्र चार दिवस विचित्र स्टेटस टाकतोय आणि काय करावं ते सुचत नव्हतं. वहिनींनी त्या मित्राच्या आईचा नंबर मिळवला होता. “आता लावू का, की सकाळी?” त्यांनी विचारलं.

“आत्ताच लावा,” मी म्हटलं.