तिकिटावरचे तास आणि इन्सुलिनचे तास

मुलीच्या बाळंतपणासाठी अमेरिकेला निघालेले आई-वडील बॅगेच्या किलो-किलोचा हिशेब करतात. मधुमेहाच्या औषधांचा हिशेब मात्र अनेकदा तिकिटावर छापलेल्या वेळा पाहून होतो आणि तिथेच घोटाळा होतो.

मुंबई-न्यूयॉर्क प्रवासाचे उदाहरण घेऊ. सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर कळत नाही. पृथ्वीच्या गोलावर दोन्ही शहरांमध्ये दोरा ताणला, तर तो रशिया, नॉर्वे, आइसलंड असा वर चढून ग्रीनलंडच्या दक्षिण टोकाजवळून खाली उतरतो. पृथ्वीच्या केंद्राशी दोन्ही विमानतळांमध्ये सुमारे ११३ अंशांचा कोन होतो. एका अंशाला जवळपास १११ किलोमीटर, म्हणजे अंतर साधारण साडेबारा हजार किलोमीटर. ताशी ८५० किलोमीटर वेगाने त्याला पावणेपंधरा तास लागतात. जाताना वारे समोरून येतात, वळसेही पडतात. त्यामुळे सोळा तास धरावेत. परतताना तेच वारे पाठीशी असतात, तेव्हा चौदा तास पुरतात.

आता घड्याळ पाहा. हिवाळ्यात न्यूयॉर्क भारताच्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ. हिवाळ्यात रात्री २ वाजता मुंबईहून निघालेले विमान तिथे सकाळी साडेसातला उतरते. तिकिटावर साडेपाच तास दिसतात, शरीराचे मात्र सोळा तास झालेले असतात. आदल्या रात्री ८ वाजता इन्सुलिन घेतलेल्या रुग्णाने ‘आता सकाळचा डोस’ म्हणून उतरल्यावर सुई टोचली, तर दोन डोसांत बारा नव्हे, बावीस तासांचे अंतर पडते. मधल्या काळात विमानातली दोन-तीन जेवणे झालेली असतात. साखर वाढणारच.

परतीचा धोका उलटा आणि अधिक गंभीर. दुपारी १२ वाजता न्यूयॉर्कहून निघालेला प्रवासी दुसऱ्या दिवशी दुपारी साडेबाराला मुंबईत उतरतो. दिवस पूर्ण झाला असे समजून त्याने दिवसातून एकदाचे दीर्घकाळ काम करणारे इन्सुलिन पुन्हा घेतले, तर चोवीस तासांचे दोन डोस चौदा तासांत होतात. घाम, थरथर, गोंधळलेपण ही साखर उतरल्याची लक्षणे प्रवासाच्या थकव्यात लपून जातात.

म्हणून निघण्यापूर्वी तिकीट डॉक्टरांना दाखवावे आणि डोसांच्या वेळा तासांच्या अंतराने लिहून घ्याव्यात. डोस स्वतःच्या मनाने बदलू किंवा बंद करू नये. उतरेपर्यंत एक घड्याळ निघालेल्या गावाच्या वेळेवर ठेवावे. इन्सुलिन, ग्लुकोमीटर, साखर आणि डॉक्टरांची चिठ्ठी हातातल्या बॅगेत असावी. सामानाच्या कप्प्यात इन्सुलिन गोठून निकामी होऊ शकते.

प्रवासाच्या तासांचा संबंध पायांशीही आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार, चार तासांहून अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका साधारण दुप्पट होतो. निरोगी माणसात तो सहा हजारांत एक इतका कमी आहे. पण नुकतीच शस्त्रक्रिया झालेल्यांनी, कर्करोगाच्या किंवा पूर्वी गुठळी झालेल्या रुग्णांनी आधी सल्ला घ्यावा. इतरांनी अधूनमधून उठून चालावे, बसल्या जागी घोटे फिरवावेत, पाणी पीत राहावे. उतरल्यानंतर एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली किंवा दम लागला, तर तो प्रवासाचा शीण समजून झोपू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.