थर रचणाऱ्यांचं दशक

गेल्या महिन्यात दादरच्या एका जुन्या डेंटल लॅबने पोर्सेलीनची भट्टी विकून टाकली. तिथे आता झिर्कोनियाचे दात कोरणारं मशीन बसलंय. भट्टी भंगाराच्या भावाने गेली, याचा मला मनापासून राग आला.

डेट्रॉइटच्या चार्ल्स लँडने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला प्लॅटिनमच्या वर्खावर पोर्सेलीनचे क्राउन, म्हणजे दातावरच्या कॅप, भाजले. 1962 च्या वाइनस्टाइन पेटंटांनी ल्युसाइटयुक्त पोर्सेलीनचं प्रसरण धातूशी जुळवलं आणि ते धातूवर टिकू लागलं. मधल्या वर्षांत मला फारसा रस नाही. मला सांगायचंय ते नव्वदच्या दशकाबद्दल, कारण ते मी लॅबमध्ये ब्रश हातात धरून काढलं.

सोनं परवडायचं नाही, म्हणून कोपिंग, म्हणजे आतली धातूची टोपी, निकेल-क्रोमची. त्यावर पोर्सेलीनचे थर: धातूचा करडेपणा झाकायला ओपेक, त्यावर दाताच्या रंगाचं डेंटिन, टोकाला पारदर्शक इन्सायझल. कालवलेली पूड लावायची, हलकं ठोकून पाणी वर आणायचं, टिश्यूने टिपायचं. भाजताना पोर्सेलीन आकारमानाने साधारण तीस टक्के आकसतं, म्हणून दात मुद्दाम मोठा रचायचा. ओला दात घाईने आत सारला तर वाफेने फुटतो. तो आधी भट्टीच्या दाराशी वाळवायचा. मग व्हॅक्यूम लावून नऊशे अंशांच्या पुढे. व्हॅक्यूम नीट बसला नाही तर आत हवेचे बुडबुडे राहतात आणि दात दुधट दिसतो. आकसलेल्या जागा भरून दुसरी भाजणी, शेवटी ग्लेझ. भाजण्या वाढवत नेल्या तर पारदर्शकता जाते, म्हणून हात पहिल्याच वेळी बसावा लागे.

आणि एवढ्या कामासाठी डॉक्टरांच्या चिठ्ठीवर काय लिहून यायचं? ‘ए-थ्री’. विटाच्या शेड गाइडमध्ये छटा सोळा, पण खरा दात एका छटेचा नसतोच. हिरडीजवळ तो पिवळसर असतो, टोकाला निळसर. काही डॉक्टर पेशंटला जिने चढवून आमच्या खिडकीतल्या उजेडात पाठवत. त्यांची कामं मला आजही आठवतात. बाकीचे समोरून दीड मिलिमीटरही दात घासत नसत. धातू, ओपेक आणि पोर्सेलीन एवढ्याशा जागेत कोंबून दात निर्जीव दिसला, की दोष लॅबचा.

पुढे धातूऐवजी झिर्कोनियाचा सांगाडा आला आणि त्यावर चढवलेल्या थरांचे टवके उडू लागले, तेव्हाही थर रचणाऱ्यांनाच धरलं. झिर्कोनियातून उष्णता सावकाश जाते. भट्टीतून काढून झटकन थंड केलं की थरात ताण राहतो. सावकाश थंड करा, खालचा सांगाडा थराला आधार मिळेल असा घडवा, हे उपाय रुळेपर्यंत बाजार थर नसलेल्या अखंड झिर्कोनियाकडे वळला होता. दाढेला तो उत्तम आहे, यात वाद नाही. समोरच्या दाताला मात्र अजूनही रचलेला थरच शोभतो.

1948 च्या दंतवैद्यक कायद्यात दात घडवणाऱ्या डेंटल मेकॅनिकची नोंद आहे, पण पेशंटला त्याचं नावही कळत नाही. समोरच्या दाताला कॅप बसवणार असाल, तर डॉक्टरांना विचारा: हा दात कोण करणार आहे? आणि त्या माणसाला तुमचे दात एकदा दिवसाच्या उजेडात बघू द्या.