ओहोटीने वाचविले, पुढे काय?

समुद्राचा कोप हा कोकणपट्टीचा प्रश्न आहे, आपला त्याच्याशी संबंध नाही, अशी मावळातील व्यापारी व शेतकरी वर्गाची जुनी समजूत आहे. उर्से येथील टोलनाक्यावर उभे राहून पश्चिमेकडे पाहिले म्हणजे ही समजूत खरीही वाटते. सह्याद्रीची भिंत मध्ये उभी, आणि अलिबागचा किनारा सरळ रेषेत मोजला तरी सुमारे ऐंशी किलोमीटर दूर! परंतु 3 जून 2020 रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेस किनारी लागले, घाट ओलांडून पुणे जिल्ह्यात शिरले, आणि मावळातील गुलाबाच्या पॉलिहाऊसांचे कागद फाडून व सांगाडे वाकवून गेले. येथे वारा पोहोचला, पाणी पोहोचले नाही. म्हणून आम्ही वाऱ्याची आठवण ठेवली आणि पाण्याचा विचारच केला नाही. आज त्या पाण्याविषयी लिहावयाचे आहे.

वादळात माणसे मरतात ती बहुधा वाऱ्याने नव्हे, उधाणाने. चक्रीवादळाच्या पोटात हवेचा दाब उतरतो, त्यामुळे समुद्राची पातळी थोडी वर येते. पण खरा घात करतो तो तासन् तास एकाच दिशेने पाणी रेटणारा वारा. किनाऱ्याजवळ समुद्र उथळ असला म्हणजे रेटलेल्या पाण्यास खाली जाण्यास वाट राहत नाही, ते जमिनीवर चढते व खाड्यांतून आत घुसते. त्या दिवशी हवामान खात्याने मुंबई, ठाणे व रायगड येथे नेहमीच्या भरतीहून एक ते दोन मीटर अधिक पाणी चढेल असा इशारा दिला होता.

‘नेहमीच्या भरतीहून अधिक’ हे शब्द वाचकांनी नीट ध्यानात घ्यावे. कोकणातील दर्यावर्दी तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. त्या दिवशी सकाळी ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी लागली होती; तेराची पाऊणपट पावणेदहा. म्हणजे भरती दहाच्या सुमारास येऊन गेली, आणि वादळ जमिनीवर आले ते साडेबारा ते अडीचच्या दरम्यान, ओहोटी लागलेली असताना. दोनच दिवसांनी, 5 जून रोजी, वटपौर्णिमा होती. त्या दिवशीची मोठी भरती दुपारच्याच सुमारास येणारी. हेच वादळ दोन दिवस रेंगाळून त्याच वेळी आले असते तर पौर्णिमेच्या भरतीवर उधाणाचा भार पडला असता. रायगडचा किनारा त्या दिवशी बुडाला नाही याचे श्रेय पंचांगास द्यावे लागेल, आमच्या बंदोबस्तास नव्हे.

दुसरे दैव मुंबईचे. आपल्या गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरतात. म्हणून पश्चिम किनाऱ्यावर वादळाच्या केंद्राच्या दक्षिणेस समुद्राकडून जमिनीकडे, व उत्तरेस जमिनीकडून समुद्राकडे वारा वाहतो. श्रीवर्धन, मंडणगड, दापोली यांची वाताहत झाली आणि मुंबई बचावली, ती या कारणाने. केंद्र मुंबईच्या उत्तरेस लागते तर मुंबई, उरण व पेणच्या खाड्या दक्षिणेच्या बाजूस सापडल्या असत्या.

1882 साली मुंबईत एक लक्ष माणसे वादळाने बुडाली, अशी एक कथा वारंवार छापली जाते. अभ्यासकांनी शोध केला तेव्हा तिला त्या काळचा आधार सापडला नाही. लोकांस जागे करण्यास बनावट आकडे कशास हवेत? 1999 च्या ऑक्टोबरात ओडिशातील एरसमा भागात उधाण आत शिरले, आणि त्या वादळात राज्यात सुमारे दहा हजार माणसे गेली. त्याच राज्याने 2013 साली फायलिन येण्यापूर्वी जवळजवळ दहा लक्ष लोकांस हलविले, आणि मृतांचा आकडा शंभराच्या आत राहिला. समुद्र तोच होता. मधल्या काळात निवारे बांधले गेले होते आणि गावोगाव लोक तयार झाले होते.

आता कायद्याकडे वळू. 2011 च्या किनारा नियमन अधिसूचनेत भरती, लाटा, समुद्रपातळीची वाढ व किनाऱ्याची झीज यांचा हिशेब करून एक धोक्याची रेषा आखण्याचे ठरले, आणि त्या रेषेस नियमनाचे बळ होते. 2019 च्या अधिसूचनेने रेषा ठेवली, बळ काढून घेतले. ती केवळ आपत्तिनिवारणाचे साधन म्हणून उरली. त्याच अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर बांधकामास बंदी असलेला पट्टा 200 मीटरवरून 50 मीटरवर आणला. किनाऱ्यावरील कोळ्यास आपले घर दुरुस्त करता यावे हे आम्हांस मान्य आहे. त्याच्या नावाने दुसऱ्यांचे बंगले उठावे हे मान्य नाही. 2018 साली मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा नाश हा जीविताच्या मूलभूत हक्काचा भंग ठरविला. कांदळवन लाटेचा जोर मोडते, हे ज्यांस समजत नाही त्यांस निकालाची भाषा तरी समजावी.

खारेपाटातील शेतकऱ्याची रेषा याहून साधी आहे. ती म्हणजे त्याचा मातीचा बांध व त्यातील उघाडी. बांध फुटून खारे पाणी भाताच्या खाचरात शिरले की पुढची काही वर्षे ती जमीन पिकत नाही. 1948 सालच्या व पुढे 1979 सालच्या खारभूमी कायद्याने या बांधांची जबाबदारी सरकारकडे आणली. बांध पावसाळ्यापूर्वी तपासावा, फुटल्यानंतर नव्हे, एवढे तरी त्या जबाबदारीत येते.

उर्से-तळेगावच्या वाचकांस यात काय? पुष्कळ आहे. घाटावर जमिनीचे भाव चढल्यापासून ज्यांच्या हाती चार पैसे आले, त्यांतील कित्येक अलिबाग-मुरूडकडे प्लॉट पाहू लागले आहेत. खरेदीखतात चतुःसीमा लिहिल्या जातात, पश्चिमेस समुद्र असे मोठ्या अभिमानाने लिहिले जाते. पण जमीन धोक्याच्या रेषेच्या अलीकडे की पलीकडे, हे लिहिले जात नाही. भारतीय सर्वेक्षण खात्याने आखलेली ही रेषा गाव नकाशावर उतरवावी, तिची नोंद सातबाऱ्यावर घ्यावी, आणि त्या नोंदीवाचून किनाऱ्यावरील कोणतेही खरेदीखत दुय्यम निबंधकाने नोंदवून घेऊ नये, अशी आमची सरकारास सूचना आहे. तोवर, इसाराची रक्कम देण्यापूर्वी, पौर्णिमेच्या भरतीस ती जागा स्वतः जाऊन पाहून यावी.