मरळीसाठी गळकाठी व रिळाची निवड
गावतळ्यातील मरळ गळाला लागताच पाणवनस्पतींत शिरते. म्हणून शेतकरी बंधूंनी लवचीक, लांब काठीऐवजी 6 ते 7 फुटांची ताठ काठी घ्यावी. काठी साधी चालेल. पैसा रिळावर खर्चावा. दुकानातच रिळाची दोरी ताणकाट्याला बांधून ओढावी. ती हिसके देत सुटत असेल, तर ते रीळ कितीही स्वस्त असले तरी घेऊ नये. 12 किलो ताण सोसणाऱ्या विणलेल्या दोरीस ब्रेक 3 ते 4 किलोवर ठेवावा. साधी नायलॉनची दोरी स्वस्त खरी. परंतु ती ताणली जाते व कठीण जबड्यात गळ रुतत नाही. पावसाळ्यात तांबूस पिलांचा घोळका राखणारी मरळ मात्र धरू नये. राखणदार गेला की इतर मासे पिले फस्त करतात.